शनिवारची दाढी

बारामती
सोमवार, १३ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास, धाकट्या पद्माचा वाकून नमस्कार.

उद्या संक्रांत. सोबतच्या पुडीत तिळगूळ आहे. पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा, पण खाऊन झाल्यावरच पुढचं वाच.

फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. तुझ्या कानाशी फोन धरला की मी वहिनीच्या गुडघ्याचं विचारते आणि तू कांद्याचा भाव सांगतोस. शिवाय तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले, तर आमच्या फ्लॅटमध्ये ते यांनाही ऐकू जाणार. आणि हे यांच्या कानावर जाता कामा नये.

दादा, तुझ्या दाजींनी वस्तरा आणलाय. सलूनमध्ये असतो तसा, लांब पात्याचा, उघडा. कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं, साध्या रेझरनं दोन मिनिटांत दाढी उरकून सायकलवर टांग टाकली, तो माणूस निवृत्तीनंतर बाथरूमला आतून कडी लावून तासन्‌तास उभा असतो. आधी मला कचऱ्याच्या डब्यात फुटके फुगे सापडायला लागले, साबणानं माखलेले. विचारलं तर म्हणाले, "हात बसवतोय. फुगा न फुटता फेस निघाला, की मग गाल." आरशाच्या कडेला कंपासपेटीतला कोनमापक चिकटवून ठेवलाय, कारण पातं म्हणे तीस अंशांतच टेकवायचं असतं. मग स्वतःच्या तोंडावर प्रयोग सुरू झाले. पहिले काही दिवस चेहरा असा होता, की दूधवाल्यानं मला हळूच विचारलं, काकांना मांजरानं ओरबाडलं का. तुरटीचा खडा आणला की संपतो. आता बरं जमतंय, तेवढं मान्य करते. उजवा गाल गुळगुळीत निघतो. हनुवटीवर मात्र कापसाचा बोळा ठरलेला.

म्हातारपणी माणसाला छंद लागला तर लागू दे. पण दाढी शनिवारी? आपल्या घरात शनिवारी कुणी नखंसुद्धा कापत नाही. हे शनिवारी सकाळी घोटून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, वस्तरा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकतात आणि इंदापूरची एसटी धरतात. कशासाठी, तर तिथल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायला. फिजिक्स शिकवायला वस्तरा कशाला लागतो? परवा पिशवी झटकली तर नॅपकिन निघाला, त्यावर कलपाचा काळा डाग. यांनी कधी कलप लावला नाही, डोकं पांढरंशुभ्र आहे. मग इंदापुरात कलप लावणारी कोण बसलीय?

माझं जेवणात लक्ष लागत नाही, दादा. बाई असेल तर बाई, एखादा बुवा असेल तर बुवा, पण या वयात मला घरात आंधळ्यासारखं राहायचं नाही. तुझ्या दीपकचं खताचं दुकान इंदापुरात आहेच, तुझं जाणं-येणं असतं. एखाद्या शनिवारी स्टँडवर थांब आणि हे कुठं जातात ते बघ. दीपकला काही सांगू नकोस. तात्यांना तर मुळीच नको. नव्वदी ओलांडली तरी त्यांचा आवाज अजून वेशीपर्यंत जातो.

तुझी,
पद्मा


बावडा
२० जानेवारी २०२५

चि. सौ. पद्मास मानसिंगचे आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. चुरा झाला नव्हता. अक्षर बघून दचकू नकोस, सांगतोय मी आणि लिहितेय तुझी वहिनी राजेश्वरी. उसाचं पाचट बोटात घुसलं, पेन धरवत नाही.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. दाजींसारखा सरळ माणूस आपल्या सगळ्या पाहुण्यांत शोधून सापडायचा नाही. एखाद्याला पेटी वाजवावीशी वाटते, एखाद्याला वस्तरा धरावासा वाटतो. तुला माहीतच आहे, साध्या रेझरनं माझ्या गळ्यावर पुरळ उठतं, म्हणून मी आयुष्यभर वस्तऱ्याखाली मान दिली. त्यामुळं सांगतो, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कातडी ताणायची कुठं, सोडायची कुठं, हे हातालाच कळावं लागतं. हनुवटी सगळ्यांत अवघड. तिथं बोळा लागतोय म्हणजे माणूस अवघड ठिकाणी पोचला, असं समज.

कलपाचं म्हणशील, तर एसटीच्या गर्दीत शेजारी कोण खेटून बसेल सांगता येतं का? डाग लागला असेल.

आमचा ऊस यंदा वेळेवर तुटला. तात्यांची तब्येत खुटखुटीत आहे. काल त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला बांधावरून शिव्या दिल्या. शनिवारी जाऊन बघून येतो, पण तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

तुझा,
दादा


बारामती
२४ जानेवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

तुला हसू आलं ते बरं झालं, मला तेवढंही येत नाही.

या आठवड्यात काय झालं ते ऐक. मी भाजी निवडत होते. हे आले, हातात साबणाचा ब्रश. म्हणाले, "पद्मा, जरा खुर्चीत बस आणि हनुवटी वर कर. वस्तरा उलटा धरतो, पाठीची बाजू. समोरच्या माणसाच्या तोंडावर हात कसा फिरतो ते बघायचंय." दादा, नवरा वस्तरा घेऊन समोर उभा आणि म्हणतो मान वर कर. मी मेथीची जुडी हातात घेऊन तशीच शेजारच्या प्राचीकडे जाऊन बसले. ती बिचारी चहा करून देत राहिली, मी काय सांगणार होते तिला?

समोरचा माणूस कोण? स्वतःची दाढी करणाऱ्याला समोरच्याच्या तोंडाशी काय देणंघेणं?

मी आता रोज यांच्या चेहऱ्याकडं बारकाईनं बघते. त्यांना वाटतं कौतुकानं बघतेय, मग ते आणखी मान वळवून दाखवतात. हनुवटीवरचा बोळा गेला. कानाखालची रेघ सुतात आलीय. पट्ट्यावर पातं परजायचा आवाजही बदलला, आधी खरखर यायची, आता एका लयीत येतो. मी दाराला कान लावून ऐकते, लाज वाटते पण ऐकते. इतकी मेहनत माणूस उगाच करत नाही. कुणासाठी तरी करतो.

उद्या शनिवार आहे. बघ आणि खरं लिही.

पद्मा


बावडा
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पद्मास आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणं गेलो होतो. दाजी स्टँडवर उतरले, सरळ दीपकच्या दुकानात गेले, मागच्या खोलीत चहा घेतला. तिथून क्लासवर गेले, शिकवून आले, परतीची गाडी धरली. बाई नाही, बुवा नाही. आता तरी स्वस्थ राहा.

आणि त्यांच्या हाताचं म्हणशील, तर मी त्यांचं कौतुकच करीन. सुरुवातीला उजव्या गालावर हात सरळ चालायचा, पण डाव्या गालावर आले की मनगट अडायचं आणि पातं अडखळायचं. आता डावीकडं हात बदलून सफाईनं येतात. गळ्यापाशी थांबतात, श्वास सोडतात, मगच पातं टेकवतात. असा धीर नव्या माणसाला लवकर येत नाही. जुने कारागीरसुद्धा गळ्यावर घाई करतात. तू त्यांना एकदा तोंडावर चांगलं म्हण, माणसाला हुरूप येतो.

बोट अजून दुखतंय म्हणून राजेश्वरीच लिहितेय. तात्या मजेत.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, मी राजेश्वरी. हे सांगतात तेवढं मी लिहिते. माझ्यावर राग धरू नका.


बारामती
७ फेब्रुवारी २०२५

दादास,

पाचट बोटातून एव्हाना निघून उसाला नवे कोंब आले असतील. तुझं बोट काही बरं होत नाही. आणि वहिनीनं मागं जी ओळ लिहिली, ती कुणी निर्दोष बाई लिहीत नाही.

डाव्या गालाचं मी तुला एका अक्षरानंही लिहिलं नव्हतं. माझी पत्रं पाठ आहेत मला. हे श्वास सोडून मग पातं टेकवतात, हे तर मलाही माहीत नाही, कारण कडी आतून असते. तू कुठून पाहिलंस? माझ्या घरच्या बाथरूममध्ये काय चालतं ते बावड्यात बसून तुला कसं दिसतं?

आणखी एक. मी त्या क्लासमध्ये फोन केला. तिथल्या बाईंनी नाव दोनदा विचारून घेतलं. असे कुणी सर आमच्याकडं येत नाहीत, म्हणाल्या. तू लिहितोस शिकवून आले.

म्हणजे तुम्ही दोघं एक झालात. नवरा खोटं बोलतो ते मी एक वेळ पचवीन, नवऱ्याशी भांडता येतं. पण तू? मी ज्याला राखण करायला सांगितलं, तोच आत सामील. आई गेल्यापासून मी मन मोकळं करायची जागा एकच ठेवली होती, बावड्याचा पत्ता. ती पण गेली का ते सांग. येत्या आठवड्यात खरं काय ते लिहून आलं नाही, तर मी यांच्या पाठोपाठ स्वतः इंदापूरला येईन आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीत काय दिसतं ते बघीन.

पद्मा


बारामती
१८ फेब्रुवारी २०२५

दादास,

शनिवारी संध्याकाळी मी तुमच्या दारातून एक शब्द न बोलता निघाले, म्हणून हे लिहितेय. तोंडानं बोलले असते तर काय बोलले असते, मला माहीत नाही.

त्या दुपारी काय झालं ते माझ्याकडून ऐक. हे नेहमीप्रमाणं सकाळी गेले होते. तुझं पत्र आलं नव्हतं, मी पुढच्या शनिवारी पाठलाग करायचा असं ठरवून कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात वरकुट्याच्या, आपल्या भावकीतल्या सारजाचा फोन. रडवेल्या आवाजात म्हणाली, "पद्माक्का, लई वाईट झालं बगा. मानसिंगरावांना आत्ता इंदापूरच्या स्टँडवर बगितलं, मिशा उतरल्यात. तात्या कवा गेलं? आमास्नी कुनी सांगितलं बी न्हाय."

माझ्या हातातली बादली सुटली. बाप गेल्याशिवाय आपल्यात मिशी उतरत नाही, हे कुणाला सांगावं लागतं? आणि तुझी मिशी, जिला कलप लावल्याशिवाय तू लग्नाला जात नाहीस. यांना फोन केला, उचलला नाही. तुला करून उपयोग नाही. वहिनीचा सारखा एंगेज, कारण सारजानं तोवर सगळ्या भावकीला कळवलं होतं. मी अंगावरच्या साडीनिशी एसटीत बसले. बारामती ते इंदापूर रडले, इंदापूर ते बावडा रडले. कंडक्टरनं तिकीट देताना मान खाली घातली. तात्यांचं तोंड बघायला मिळेल का, एवढंच मनात होतं. तुमच्यावरचा संशय, राग, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं.

अंगणात शिरले, तर तात्या बाजेवर बसून शेंगा फोडतायत. मला बघून म्हणाले, "का गं रडतीस? कोन गेलं?"

मग ते स्वतःच भडकले. "मी हितं जिता बसलोय, आन्‌ ह्यानं माज्या नावानं मिशा उतरवल्यात. दुपारधरनं तीन मान्सं मला बगायला आली, तर मीच दार उगडाय उटलो." तेव्हा मी ओट्याकडं बघितलं. तू बसला होतास, ओठ उघडा पडलेला, ओळखू येईनास. शेजारी हे, चूक पकडलेल्या पोरासारखे. वहिनीनं तुझ्या हातात चहाचा कप दिला आणि कप बशीवर वाजायला लागला. तू डाव्या हातानं उजवा हात दाबून धरलास. तरी वाजतच राहिला.

मी पाणीसुद्धा न पिता मागं फिरले. हे माझ्यामागं पळत आले.

गाडीत यांनी सगळं सांगितलं, मी न विचारता. दिवाळीनंतर डॉक्टर कंपवात म्हणाले. हात हललेला गावाला दिसू नये म्हणून तू सलून सोडलंस. रेझरनं गळा सोलून निघाला. पुण्याचे डॉक्टर इंदापुरात शनिवारीच येतात, म्हणून भेट शनिवारची, आणि दीपकच्या मागच्या खोलीत दाढी. तुझी दाढी करता यावी म्हणून हे आधी स्वतःचं तोंड कापून घेत होते. त्या दिवशी रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि त्यानं कर्णा वाजवला. तुला ऐकू आलं नाही, हे दचकले. एका बाजूची मिशी गेली. मग दुसरी बाजू सारखी करता करता काहीच उरलं नाही.

हे सांगताना यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला यांचा राग येईना, आणि म्हणून तुझा जास्त आला. तू यांच्याकडून माझ्याच गळ्याची शपथ घेतलीस, पद्माला कळता कामा नये म्हणून. परक्या घरातून आलेला माणूस चालला, दीपक चालला, डॉक्टरचा कंपाउंडर चालला. एका आईच्या पोटची मी तेवढी चालले नाही. तुझा आजार मला गेलेल्या मिशीवरून कळावा? मी इतकी कच्ची आहे का, की इतकी दूरची?

याचं उत्तर मला हवंय. वहिनीच्या अक्षरात नको.

पद्मा


बावडा
२४ फेब्रुवारी २०२५

पद्मा,

माझ्या हातानं लिहितोय. काल सुरुवात केली, आज पुरं होईल. अक्षर वाचता आलं नाही तर राजेश्वरीला विचारू नकोस, मला विचार.

तू कच्ची नाहीस. दूरची तर नाहीसच.

घरात हल्ली सगळे माझ्याकडं बघतात तेव्हा आधी हाताकडं बघतात. मग तोंडाकडं. दीपक पाण्याचा तांब्या अर्धाच भरून देतो. राजेश्वरी ताटात भाकरी चुरून ठेवते. ती चांगली माणसं आहेत. पण मी त्यांच्या डोळ्यांत आजारी झालो.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं. त्यात तू मला लिहिलंस, स्टँडवर थांब, पाळत ठेव, खरं काय ते शोध. मी धडधाकट आहे असं समजून मला काम सांगणारी तू एकटी उरली होतीस. ते पत्र मी खिशात घेऊन फिरलो. तुला कळलं असतं तर हा आजार मग सगळीकडूनच खरा झाला असता. म्हणून नाही सांगितलं. खोटं लिहिताना मला मजा येत होती, हे पण खरं आहे.

तुझा जीव जळत होता हे कळायला हवं होतं. तिथं चुकलो.

दाजींना बोल लावू नकोस. ते आता येत नाहीत. शनिवारी वाट बघितली. निरोप आला, माझा हात आता कुणाच्या तोंडावर चालायचा नाही. दाढी वाढलीय, खाजते. पण त्याचं काही नाही. त्यांनी इतकं कमावलेलं सोडू नये. माझ्या मिशीपायी तर नाहीच.

दादा


बारामती
२८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास, पद्माचा नमस्कार.

तुझं पत्र वाचायला मला दोन दुपारी लागल्या. मधून मधून उठून जावं लागत होतं. अक्षर नीट कळलं, कुणाला विचारावं लागलं नाही.

यांनी वस्तरा कपाटात अगदी वर, रजयांच्या मागं ठेवून दिला होता. मिशी गेली त्या दिवसापासून तोंडाला काही लावलं नव्हतं. म्हणायचे, फुग्यापर्यंतच माझी लायकी. काल सकाळी मी स्टूल लावलं, वस्तरा काढला आणि यांच्यापुढं ठेवला. मी यांना चार शब्द सुनावणार असं यांना वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या चेहऱ्यावरची एकूण एक जखम मला ठाऊक आहे. कानाखाली कधी कापलं, हनुवटी कधी सुटली, आवाज कधी लयीत आला, सगळं. तुम्ही स्वतः विसरलात, मी नाही विसरले. मी संशयानं बघत होते, म्हणून तर एक दिवस चुकवला नाही. आणि मी सांगते, दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला जे जमत नव्हतं ते आता डोळे मिटून जमतं. मिशी तुम्ही नाही घालवली, ट्रॅक्टरनं घालवली."

यांनी वस्तरा हातात घेतला. मग म्हणाले, "तू रोज बघत होतीस?" मी म्हटलं, "दाराला कान लावून." मग उठले आणि बाथरूममध्ये गेले. कडी लावली नाही. मी उंबऱ्यात उभी राहून सगळी दाढी बघितली, पहिल्यांदा. गळ्यापाशी आले, थांबले, श्वास सोडला आणि मग पातं टेकवलं. तू लिहिलं होतंस अगदी तसंच. मला रडू आलं, ते साबणाच्या वासानं आलं असं मी सांगितलं.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतोय. इंदापूरला नाही, बावड्याला. खुर्ची अंगणात टाक, उजेड चांगला असतो. बघणारे बघतील. तात्यांना सांग, त्यांच्यासमोरच होणार आहे, म्हणजे ते जिवंत असल्याची गावाची खात्री पटेल.

आणि दादा, मी तुझ्या हाताकडं बघणार आहे. आधी तोंडाकडं, मग हाताकडं, आणि बघितलं नाही असं दाखवणार नाही. दाढी चालली असताना तो मांडीखाली दाबून बसायचं नाही. यांचे दोन्ही हात कामात असतात, म्हणून तुझा हात धरायला मी येतेय.

तुझी,
पद्मा